स्वस्तातली तांबडी बाटली

माय, मी वाइन पिलो. हे आधी सांगून टाकतो, म्हंजी तुला काय ओरडायचं ते ओरडून घे आन् मग पुढचं निवांत ऐक. वाइन म्हंजी द्राक्षाची दारू. तांबडी. पिलो ती पण कुठं चोरून न्हाई, खुर्चीत बसून, एका म्हातारीच्या समोर, तिनं देवाचं नाव घेऊन झाल्यावर. आता बघ, तुला ओरडायलाबी अडचण झाली. तुला वाचता येत न्हवतं म्हणून तर एवढं बिनधास्त लिहायला बसलोय. वाचता येत असतं तर पहिल्या ओळीतच माझी शाई वाळली असती.

तू गेलीस तवा मी आठवीत होतो. पुढं दहावीला दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरच म्हणले, बाबा, तू आता उठ. बापानं, म्हंजी आपल्या आबांनी, मेंढरं इकली आन् मला केजहून मांजरसुंब्याला जाणाऱ्या जीपवर ड्रायव्हर म्हणून बसवलं. आता माझी सोताची गाडी हाय, पांढरी, भाड्यानं चालवतो. खोड्या सुटल्या न्हाईत. मागच्या महिन्यात तहसीलसमोरच्या चहावाल्याच्या मोबाइलला मी मेंढराच्या ओरडण्याची रिंगटोन लावून दिली. बिचारा दिसभर बाकड्याखाली वाकून वाकून बघत होता. आबांना असलं काय कळलं की ते एकच बोलतेत, "तुझ्यात तुझ्या मायचं कायबी उतरलं न्हाई बघ. ना रंग, ना गुण, ना नाक." रंगाचं आन् गुणाचं मी सोडून देतो. नाकाचं मला लागतं. तुझा फोटो घरात एकच हाय, मतदान कार्डावरचा, त्यात तू कुणाचीबी माय वाटतीस. आवाज तर आता आठवतच न्हाई, नुसते शब्द आठवतेत. मग तुझं माझ्याजवळ राहिलं काय? राहिलंच असंल तर हे नाक. ते आलंय का न्हाई, एवढंच मला ठरवायचं होतं, आन् ते ठरवायला इस्रायलहून बाटली यावी लागली.

तुझ्या नाकाचं मी स्टँडवरच्या पोरांना सांगतो तर त्यांना थापा वाटतेत. पण लग्नात आमटीच्या कढईजवळ तुलाच उभं करायचे, हे गावातल्या म्हाताऱ्यांनी बघितलंय. देवाला दाखवल्याबिगर चाखायचं न्हाई असा तुझा नेम, त्यामुळं पळी तोंडाला लावायची सोयच न्हवती. तू पदर बाजूला सारायचीस, वाफेवर वाकायचीस, डोळे मिटायचीस आन् म्हणायचीस, "मीठ अजून एक मूठ. खोबरं जरा जास्त भाजलंय, पण चालतंय." आचाऱ्याचं तोंड पडायचं. तुला फसवायला मी काय काय केलं! एकदा आपल्या येसर मसाल्याचा डबा शेजारच्या काकूच्या डब्याशी बदलला. तेच पितळी झाकण, तोच रंग. तू झाकण काढलंस, नाक जवळबी नेलं न्हाई, आन् तिथूनच म्हणलीस, "काकूला तिचा डबा देऊन ये. दगडफूल कमी घालती ती."

आन् चंपाषष्ठीचं भरीत! ते मी मेलो तरी इसरायचा न्हाई. खंडोबाला भरीत-रोडग्याचा निवद. मी सात-आठ वर्षाचा. तू वांगी भाजून, सोलून, लसणाची पात घालून भरीत करून ठेवलंस आन् रोडगे काढायला मागच्या अंगणात गेलीस. मी एक बोट घातलं. एकच, देवाशप्पथ. वरून सारखंबी करून ठेवलं. तू आलीस, उभ्या उभ्या म्हणलीस, "कुणी तोंड लावलं?" मी म्हणलो, मांजरानं. तू पाट मांडलास, मला त्याच्यावर बसवलंस, कपाळाला भंडारा फासलास, सगळं भरीत पुढं ठेवलंस आन् काकूला हाक मारलीस, "अवो, या दर्शनाला! देव सोता जेवायला आलाय आमच्यात." काकू आली, तिनं हात जोडले, मागून तिची दोन पोरं आली, त्यांनी येळकोट केला. मी रडत रडत भरीत खातोय, गळ्यापर्यंत आलंय, आन् तू म्हणतीस, "देवा, अजून घ्या की थोडं, लाजू नका." मग तू शेतात जाऊन परत वांगी तोडून आणलीस. त्या दिवशी घर चार वाजता जेवलं. आन् दुसऱ्या दिवसापासून तू मला डोळे झाकून चुलीजवळ बसवायला लागलीस. हात न्हाई लावायचा, तोंड न्हाई लावायचं, वासानं चाख. "काय हाय ह्यात?" "जिरं." "आन्?" "कांदा." "आन्?" मी अजून वाकायचो, मग तूच सांगायचीस, "आन् पाणी कमी हाय. पाणी कमी असल्याचाबी वास येतो." ते मला कधीच जमलं न्हाई. तू शिकवत राहिलीस आन् मग दोन दिसाच्या तापात निघून गेलीस. मी पास का नापास, हे सांगायचं राहूनच गेलं.

आता म्हातारीचं सांगतो. संभाजीनगरच्या विमानतळावर मी पाटी धरून उभा. मला वाटलं, गोरी मडम येणार. तर काठी टेकत एक सावळी आजी आली, आपल्यावानीच दिसणारी, आन् म्हणली, "गाडी लांब उभी केलीयस का रे? माझे गुडघे दुखतात." मी इंग्रजी पाठ करून गेलतो, ते तोंडातच राहिलं. संगं तिचा नातू, बावीस-तेवीसचा, दाढीवाला. त्याला मराठी येत न्हाई, पण समजल्यावानी मान हलवतो. आजी मूळची कोकणातल्या ज्यू लोकांतली. तेलाचे घाणे चालवायचे आन् शनवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, हे तिनंच सांगितलं. तिचे वडील रेल्वेत गार्ड, परळीला. ती परळीतच जन्मली, तिथंच शाळेत गेली, मग मुंबई, मग इस्रायल, तिथं जिंदगीभर मास्तरीण. आता ऐंशीला आली. म्हणली, "माझे वडील परळीत दर शुक्रवारी संध्याकाळी पेला भरून देवाचं नाव घ्यायचे. एकच शुक्रवार मला परळीत त्यांच्या नावानं तो पेला भरायचा आहे. मग मी मोकळी."

त्यासाठी तिच्यासंगं दोन बाटल्या होत्या. एक नातवानं खास आणलेली, भारी, लाकडी पेटीत, बूच लावलेली. दुसरी साधी, फिरकीच्या झाकणाची, पायमोज्यात घालून कापडी पिशवीत. ती पिशवी माझ्या शेजारच्या सीटवर. मी इचारलं, "आजी, ही काय?"

"ती रोजची. मास्तरणीच्या पगारात बसणारी. दर शुक्रवारी हीच घेत आले."

"आन् पेटीतली?"

"ती प्यायची तर अंग चोरून बसावं लागतं. पाहुण्यांकडे गेल्यासारखं. हिच्यासमोर पाय पसरून बसता येतं."

मला आजी आवडली. रस्ता लांब, मग मी तुझं सगळं सांगितलं. आमटीचं, डब्याचं. आन् बोलता बोलता तोंडातून गेलं, "मलाबी मायचंच नाक आलंय." आजीनं आरशातून माझ्याकडं बघितलं, गृहपाठ न केलेल्या पोराकडं बघतेत ना, तसं. "असं? मग शुक्रवारी ह्या रोजच्या बाटलीतली तुला देते. आधी वास घ्यायचा आणि सांगायचं, काय काय आहे. मागच्या लेबलावर लिहिलेलं असतं. मी ताडून बघेन." माय, मी उगाचच हॉर्न वाजवला. पण मी म्हणलो, "खुशाल बघा."

दोन दिस संभाजीनगरकडच्या लेण्या बघण्यात गेले, आन् शुक्रवारी दुपारी परळीच्या वाटेवर मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबलो. आजीच्या धर्मात काय खायचं काय न्हाई ह्याचे लई नियम, तिनं संगं आणलेलं काढलं आन् दोन केळी घेतली. नातू मात्र सगळं खातो. तीन दिस तो माझी नक्कल करत होता. मी 'हाय' म्हणलं की तो 'हाऽऽय' म्हणायचा आन् खिदळायचा. ताटात हिरवा ठेचा आला. त्यानं बोटानं दाखवून इचारलं, "गोड?" तेवढा एक शब्द तो शिकलता. मी म्हणलो, "लई गोड." त्यानं भाकरीवर लोणी लावल्यावानी लावला. वाढपी माझ्या कानाजवळ येऊन म्हणला, "काय बे, पाव्हण्याला मारतो का?" नातवानं पहिला घास खाल्ला, मान हलवली, दुसरा खाल्ला, आन् मग त्याचे कान तांबडे झाले. कान, माय! मी ताक पाजलं, गूळ दिला आन् तोंड वळवून हसलो. पण हसू फार टिकलं न्हाई. केज मागं पडलं, अंबाजोगाई मागं पडली, आन् मी दर थोड्या वेळानं गाडी थांबवतोय, तो झुडपामागं पळतोय. परळीत लॉजवर पोचल्यावर तो जो संडासात शिरला तो शिरलाच.

मग आजीला एकटीलाच मी स्टेशनाकडं नेलं. तिचं क्वार्टर अजून उभं हाय, पण दाराला कुलूप, आत बाभळ उगवलीय. तिनं खिडकीच्या गजातून बघितलं. "तो कोनाडा दिसतो? तिथे मनुकांची बरणी असायची." त्या काळात परळीत वाइन कुठली मिळायला! तिचे वडील मनुका भिजवायचे, उकळायचे, फडक्यातून गाळायचे आन् त्याच पाण्याचा पेला भरायचे. उरलेलं शेजाऱ्यापाजाऱ्यांना, स्टेशनवरच्या हमालांना. तिनं खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं, बोटाला करडी राख लागली. "हे तेव्हा नव्हतं." मी म्हणलो, "वीजघराची हाय, आजी. आता भाकरीवरबी असती." तिनं ती राख रुमालात पुसली आन् रुमाल घडी करून पर्समधी ठेवला.

लॉजवर आल्यावर तिनं टेबलावर पांढरं फडकं टाकलं, दिवस मावळायच्या आधी दोन मेणबत्त्या लावल्या आन् लाकडी पेटी उघडली. बूच काढायचं तर तिचे हात थरथरतेत. स्क्रू कसाबसा बुचात शिरला, पण वढायला जोर न्हाई. तिनं बाथरूमच्या दारावर टकटक केली. आतनं नुसतं कण्हणं. खिडकीबाहेर उजेड चाललाय, आन् एकच शुक्रवार हाय. मी पुढं झालो, "द्या आजी, मी काढतो आन् ओततो."

तिनं बाटली छातीशी धरली. "नको. तू हात लावू नकोस."

कुणीतरी कानाखाली दिल्यावानी झालं मला. मी म्हणलो, "तीन दिस माझ्या हातचं पाणी पिताव. माझाच हात धरून पायऱ्या चढताव. आन् आता हात चालत न्हाई?"

तिचं तोंड एवढंसं झालं. ती खाली बसली. "तसं नाही रे पोरा. ऐक तरी." मग सांगितलं. लई जुन्या काळी लोक आपापल्या देवाला वाइन वाहायचे, मूर्तीसमोर ओतायचे. कुठली वाइन कुणाला वाहिलेली, हे कळायचं न्हाई. म्हणून त्यांच्यात ठरलं, द्राक्ष चेंगरल्यापासून पेल्यात पडेपर्यंत वाइन त्यांच्यातल्याच माणसाच्या हातची पाहिजे. "एरवी मी इतकी कडक नाही. पण आज वडिलांच्या नावानं आहे. मग त्यांच्या रीतीनं नको का?"

मी भांडायला तोंड उघडलं आन् मला तो पाट आठवला. भरीत. तू काय माझं बोट घाण हाय असं म्हणली न्हवतीस. देवाचं ते देवाचं, एवढंच. माझा राग तिथंच बसला. म्हणलो, "आमच्यात तोंड लावलं की उष्टं, तुमच्यात ओतलं तरी उष्टं. तुमचा देव आमच्या देवापेक्षा कडक हाय, आजी." ती हसली, पण नजर खिडकीकडं. मी पिशवी उचलली. "मग ही रोजचीबी माझ्या हातनं चालायची न्हाई?"

तिनं पिशवीकडं बघितलं. "ती चालते."

"ती कशी काय?"

"ती तापवलेली असते. कारखान्यातच. एकदा तापवली की मग कुणीही ओतली तरी चालते. लग्नात, हॉटेलात वाढणारे सगळ्या जातीधर्माचे असतात ना, म्हणून स्वस्तातल्या पुष्कळशा तशा करतात."

"मग आजी, तुमचे वडील तरी दुसरं काय करत होते? मनुका उकळूनच पाजत होते ना हमालांना?"

 मग तिनं भारी बाटली स्क्रूसकट पेटीत परत ठेवली. दाराशी जाऊन नातवाला त्यांच्या भाषेत ते सांगितलं, तसा तो आतनं काहीतरी वरडला. मी इचारलं, काय म्हणतोय? "म्हणतोय, पणजोबांना बाजारातली देऊ नकोस." आन् मग दाराकडं तोंड करून ठणकावून मराठीत, "पणजोबांना तू बघितलंयस का कधी?" माझ्याकडं वळून म्हणली, "काढ तिला मोज्यातून."

झाकणाला हात लावला आन् माझा हात अडला. ओतायच्या आधी मन साफ पाहिजे, असं कुणी मला सांगितलं न्हवतं, पण अडला खरा. म्हणलो, "आजी, एक सांगतो. नातवाला ठेचा मीच... गोड म्हणून..."

"मला माहीत आहे. मी समोरच बसले होते."

"मग अडवलं कावून न्हाई?"

"तीन दिवस तुझी नक्कल करतोय. म्हटलं, होऊ दे थोडं." आन् लगेच कपाळाला हात लावला, "पण इतकं होईल असं नव्हतं हो वाटलं मला."

मी ओतली. चांदीचा पेला कधीच हरवलेला. लॉजचा स्टीलचा पेला, मी तीनदा घासून आणला. काठोकाठ भरायचा असतो. तिच्या घरात हे आजवर पुरुषांनीच म्हणलेलं, वडलांनी, नवऱ्यानं, मुलानं. आज ज्यानं म्हणायचं तो आत कडी लावून बसलेला. ती उभी राहिली. दोन्ही हातांत पेला, फडक्यावर तांबडे थेंब पडतायत, पण आवाज एकदम सरळ. मला त्यातलं काहीच कळलं न्हाई, मधी एकदा 'परळी' आलं, तेवढंच. संपलं तसा बाथरूममधून आवाज आला, "आमेन!" आजीनं डोळे वटारले, "अरे, तिथून नाही म्हणायचं!" मग ती पिली, खाली बसली, फडक्यावरचे डाग बोटानं टिपायला लागली. आन् म्हणली, "झालं."

आन् लगेच मास्तरीण जागी झाली. "हं. आता तू."

मला तिनं काचेच्या ग्लासात ओतायला लावली, स्टीलमधी रंग दिसत न्हाई म्हणून. गाडी दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत हलणार न्हवती, शनवारी ती गाडीत बसत न्हाई, म्हणून मलाबी घाई न्हवती. मेणबत्तीसमोर धरली. पिकल्या जांभळाच्या सालीचा रंग, कडेला जरासा इटकरी. "फिरव हळूच. घुसळू नकोस, ताक नाही ते." फिरवली. नाक घातलं. पहिल्यांदा नुसता झटका, डोळ्यात पाणी. बाहेर काढलं. परत घातलं, डोळे मिटले. माय, परळीच्या लॉजच्या खोलीत मी तुझ्यासमोर चुलीजवळ बसलोय आन् तू इचारतीस, काय हाय ह्यात?

"आलुबुखार. वाळलेला."

"हं."

"काळी मिरी. जास्त न्हाई, फोडणीत चुकून पडल्यावानी."

"हं. आणि?"

मी परत नाक घातलं. "आन् ओली घोंगडी."

"काय?"

"घोंगडी, आजी. पावसात भिजलेली. दोरीवर टाकली आन् दुसऱ्या दिवशी अर्धी वाळली की जो वास येतो ना, तो."

तिनं चष्मा लावला, बाटली फिरवली, लेबल मेणबत्तीजवळ धरलं. "आलुबुखार, आहे. काळी मिरी, आहे." माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. "घोंगडी नाही रे लिहिलेली."

"त्यांच्याकडं घोंगडी नसंल."

तिनं आपला पेला नाकाशी नेला. एकदा. परत एकदा, डोळे मिटून. "अगं बाई," म्हणली, "आहे!" आन् अशी हसायला लागली की टेबल धरावं लागलं. आतून नातू दारावर थाप मारून इचारतोय, काय झालं, काय झालं, आन् आजीला हसण्यातून बोलता येईना.

मग पिलो. आजी म्हणली, लगेच गिळू नको, जिभेवर फिरव. आधी आंबट, ताकाच्या वरच्या निवळीवानी. मग तुरट, असं की जीभ टाळूला घासती. मी गोडाची वाट बघत होतो, गोड आलंच न्हाई. माझं तोंड वाकडं झालं. "वाईट आहे?" "वाईट न्हाई, आजी. वळख न्हाई." तिला ते पटलं. दुसरा घोट तिच्या पावाच्या तुकड्यासंगं घेतला, तवा तुरटपणा जरा नरम झाला. तिसरा माझ्या गाडीतल्या भाजक्या शेंगदाण्यासंगं, आन् तिथं मला तिची वळख झाली! शेंगदाण्याच्या तेलानं जीभ निवती, तुरट मागं सरतं, आन् जांभूळ खाऊन वर पाणी पिल्यावर जसं गोडसर लागतं तसं मागं राहतं. मी हुशारीनं कच्चा कांदाबी लावून बघितला. तवा लोखंड चाटल्यावानी झालं. आजी म्हणली, "थुंक ते." मग सांगितलं, चांगली-वाईट म्हणायच्या आधी बघायचं, घोट गेल्यावर ती किती येळ राहती. मी गिळून बसलो, मोजल्यावानी. फार न्हाई राहिली. "ही रेंगाळत नाही," आजी म्हणली, "येते, नीट बोलते, निघते." मी म्हणलो, "चांगल्या शेजारणीवानी." भारी वाइन मी अजून पिलो न्हाई, तिचं मला ठाऊक न्हाई. पण स्वस्तातली कशी असावी, हे आता मला कुणी शिकवू नये. ती फसवून गोड लागायला जात न्हाई. शेंगदाण्याबरोबर बसून घेती. आन् कुणाच्याबी हातनं ओतून घेती.

उठताना आजी म्हणली, "नाक आहे तुझ्याकडे. आईचं असेल तर जप." मी तिथनंच आबांना फोन लावला. "आबा, नाक मायचंच हाय." "कोण म्हणलं?" "इस्रायलच्या मास्तरणीनं परीक्षा घेतली."  आबा म्हणले, "परवा घरी ये. मी आमटी करतो. काय कमी पडतं माझ्यात, ते सांग मला. इतकी वर्षं झाली, सापडंना."

गेलो, वास घेतला आन् सांगितलं. मीठ बरोबर हाय आबा, दगडफूल घाला. ते उठून डबा शोधायला लागले.

इथवर सगळं बराबर हाय. पण कालच आजीचा फोन आला. ती तिथं सगळ्यांना सांगत सुटलीय, परळीच्या ड्रायव्हरनं लेबल न बघता लेबल सांगितलं. मला म्हणली, तुझी आई कशी शिकवायची ते नीट लिहून पाठव, मी इथल्या पोरांना वाचून दाखवते. म्हणून खरं तर हे पत्र तिलाच लिहायला कागद घेतलता. दोनदा 'आदरणीय आजी' लिहिलं, दोनदा फाडलं, आन् मग तुलाच लिहीत गेलो. आता हे तिला पाठवता यायचं न्हाई. कारण शुक्रवारी सकाळी डिझेल भरताना, आजी मागं डुलक्या घेत होती आन् नातू कानात गाणी लावून बसलता तवा, मी बाटलीवरचा मोजा खाली सरकवला, मोबाइलनं लेबलाचा फोटो काढला आन् त्यालाच मराठीत वाचून दाखवायला लावलं. आलुबुखार. काळी मिरी. नापास व्हायचं भ्या वाटलं, माय, दुसरं काय न्हाई. पण घोंगडी त्या लेबलावर न्हवती. मी परत परत बघितलंय, फोटो अजून मोबाइलमधी हाय. घोंगडी कुठंच न्हाई.